इंग्रजीला वेडी म्हणण्याआधी आपली ‘परवा’ बघा की

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शाळेच्या पोरांसाठी एक छोटा मजकूर आला होता, इंग्रजीत एकाच शब्दाचे दोन अगदी उलटे अर्थ कसे असतात त्याची यादी. वाचायला मजा आली, घरात नातवंडांनी पण वाचली. पण शेवटी लिहिलं होतं की इंग्रजी ही डोकं फिरलेली भाषा आहे आणि हे शब्द पाठ करण्याशिवाय इलाज नाही, ते काही मला पटलं नाही म्हणून हे पत्र. मी बेळगावात कोर्टाच्या आवाराजवळ बाँड रायटरचं काम करतो, पक्षकार मराठीत बोलतो, नोटीस कन्नडात आलेली असते आणि अर्ज इंग्रजीत टाईप करायचा असतो, त्यामुळं हे दोन तोंडाचे शब्द माझ्या पोटापाण्याचे आहेत आणि त्यांची जरा बाजू घेतल्याशिवाय राहवत नाही.

यादीत पहिला ‘सँक्शन’ होता तोच घेऊ. आपल्याकडं हा शब्द अडाणी माणसाला पण माहीत आहे. लोन सँक्शन झालं, घरकुल सँक्शन झालं, बोअरवेल सँक्शन झाली म्हणजे आनंदाची बातमी, पेढे वाटायचे. आणि टीव्हीवर बघावं तर अमेरिकेनं रशियावर सँक्शन लावली. माझ्याकडं बसलेल्या एका पक्षकारानं तर सरळ विचारलं, अहो यांचं भांडण आहे म्हणता आणि हे त्यांना मंजुरी कशाला देतात? प्रश्न बरोबरच आहे. पण हा शब्द लॅटिनमधून आलाय, तिथं ‘सांकिरे’ म्हणजे एखादी गोष्ट पवित्र ठरवणं, मोडायची नाही अशी करून ठेवणं. इंग्रजीतले सेंट, सँक्चुअरी हे त्याच घरातले. तर कायदा करणं म्हणजे सँक्शन. आणि कायदा म्हटलं की दोन गोष्टी आल्याच, एक म्हणजे कायद्यानं दिलेली परवानगी आणि दुसरी म्हणजे तो मोडला तर होणारी शिक्षा. एक अर्थ या अंगानं वाढला, दुसरा त्या अंगानं, बस. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ निघाला, त्याचे नियम मोडणाऱ्या देशाशी व्यापार तोडायचा असं ठरलं, १९३५ साली इटलीनं ॲबिसिनियावर (आजचा इथिओपिया) हल्ला केला तेव्हा तसे निर्बंध लावले पण, तिथून हा शिक्षेचा अर्थ वर्तमानपत्रात पक्का बसला. आणि गंमत बघा, आपल्याकडं सरकारी नोकरावर खटला भरायचा असला की आधी सरकारची सँक्शन लागते, जुन्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम १९७, म्हणजे शिक्षेकडं न्यायची मंजुरी! तिथं दोन्ही अर्थ एकाच कागदावर शेजारी शेजारी बसलेत आणि कुणाचं काही बिघडत नाही.

दुसऱ्या प्रकारात शब्द एक नसतोच, दोन असतात. टिळकवाडीत, शहापुरात कुठंही गल्लीतनं फिरा, ‘टू लेट’च्या पाट्या दिसतात (त्यात मधे आय घुसडून टॉयलेट करणारी पोरं आमच्या काळापासून आहेत, ती काय सुधारत नाहीत). इथं लेट म्हणजे द्यायचं आहे, राहू द्यायचं आहे. आता तुमचा पासपोर्ट उघडा, आत राष्ट्रपतींच्या नावानं विनंती छापलेली असते की या माणसाला ‘विदाऊट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्या. म्हणजे इथं लेट म्हणजे अडवणूक! शेजारी हिंदीत सरळ ‘बिना रोक-टोक’ म्हटलंय. हे कसं झालं तर जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती, एक ‘लॅटन’ म्हणजे होऊ देणं आणि दुसरं ‘लेट्टन’ म्हणजे उशीर करणं, खोळंबा करणं, आपण ‘बस लेट आहे’ म्हणतो त्यातल्या लेटचं हे नातेवाईक. शेकडो वर्षं तोंडात घोळून दोघांचा उच्चार एक झाला आणि लोकांना वाटतं एकच शब्द उलटसुलट बोलतोय. पुढं अडवणुकीचा लेट मागं पडत गेला, आता तो कायद्याच्या कागदात आणि टेनिसच्या कोर्टावर तेवढा राहिलाय. सर्व्हिस करताना बॉल जाळीला घासून पलीकडं गेला की पंच ‘लेट’ म्हणतो ना, तो हाच, जाळी आडवी आली म्हणून. मला वाटायचं उशीर झाला म्हणून म्हणतात की काय, तसं बघितलं तर मूळ तिथंच आहे.

‘क्लीव्ह’चं पण हेच. चिरणं आणि चिकटून राहणं, दोन्ही. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात नवऱ्यानं बायकोला क्लीव्ह करून राहावं असं आहे, आताच्या पोरानं वाचलं तर पोलिसांना फोन करायचा. ‘क्लेओफन’ म्हणजे फोडणं आणि ‘क्लिफियन’ म्हणजे चिकटणं, अशी ती दोन वेगळी क्रियापदं, सारखी दिसायला लागली एवढंच.

आता माझ्या कामातली खरी डोकेदुखी सांगतो. ‘रेंट’ आणि ‘लीज’. एक आजी आणि त्यांचा भाडेकरू पोरगा नेटवरनं काढलेला इंग्रजी कागद घेऊन आले होते, स्टॅम्पवर तसाच टाईप करून द्या म्हणून. कागदात पहिल्या पॅऱ्यात आजी म्हणतात मी हे घर रेंट केलं आणि खालच्या पॅऱ्यात पोरगा म्हणतो मी हे घर रेंट केलं, नावं सोडली तर वाक्य शब्दाला शब्द तेच. इंग्रजी व्याकरणात दोन्ही बरोबर! देणारा पण रेंट करतो, घेणारा पण रेंट करतो. उद्या भांडण झालं आणि कागदाचा एक कोपरा फाटून नावं गेली तर घर कुणाचं? आमच्या मराठीत भाड्यानं दिलं आणि भाड्यानं घेतलं, विषय संपला, कन्नडात पण कोट्टे वेगळं आणि तगोंडे वेगळं. म्हणून इंग्रजी दस्तात आम्ही लेसर (देणारा) आणि लेसी (घेणारा) अशी दोन टोपणनावं देतो, ती पण एकमेकांसारखी दिसणारी, त्यात टायपिंगची चूक झाली की मालक भाडेकरू होतो. मी आजींना मराठीत करून दिला कागद, खाली दोघांच्या सह्या, आजींचा अंगठा नाही बरं का, सही, आणि माझ्यापेक्षा चांगली.

पण यात इंग्रजीचं वेड कुठाय? तिथं नावाचं क्रियापद करायची सवय आहे. रेंट म्हणजे भाडं, त्याला उचलून क्रियापद केलं की ते एवढंच सांगतं की इथं भाड्याचा व्यवहार झाला, कुठल्या हातातनं कुठल्या हातात ते सांगत नाही. तुमच्या यादीतला ‘डस्ट’ तसाच. डस्ट म्हणजे धूळ, भुकटी. कपाट डस्ट केलं म्हणजे धूळ काढली, केकवर साखर डस्ट केली म्हणजे भुरभुरली, विमानातनं पिकावर पावडर मारतात ते पण डस्टिंगच. ‘सीड’ म्हणजे बी, शेत सीड केलं तर बी पेरलं आणि मनुका सीड केल्या तर बी काढलं. शब्द फक्त बी आणि धूळ दाखवतो, बाकीचं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. पोरांना हे एकदा सांगितलं की असे शंभर शब्द पाठ करायची गरजच उरत नाही, ती स्वतः शोधून आणतील.

‘ओव्हरसाइट’ला मात्र मी पण वैतागतो. सरकारी खुलाशात ‘ड्यू टू ओव्हरसाइट’ आलं की समजायचं नजरचुकीनं झालं, आणि त्याच खात्यावर ‘ओव्हरसाइट कमिटी’ बसली की समजायचं देखरेख. वरनं बघणं हा मूळ अर्थ. वरनं बघणारा सगळं बघू शकतो, किंवा त्याची नजर डोक्यावरनं पलीकडं जाते आणि पायाखालचं राहून जातं. एकातनं ओव्हरसी झालं, दुसऱ्यातनं ओव्हरलूक झालं, आणि दोघांनी मिळून नाम एकच ठेवलं. आपल्याकडच्या कामांवर देखरेख कशी असते ते बघता या शब्दाला दोन अर्थ आहेत असं म्हणणंच जरा जास्त होतंय.

‘टेबल’ची गोष्ट तर सगळ्यांनी वाचावी अशी आहे. ब्रिटनमध्ये आणि आपल्या विधिमंडळात एखादा विषय टेबल केला म्हणजे सभागृहापुढं ठेवला, चला आता बोला. अमेरिकेत टेबल केला म्हणजे बाजूला ठेवला, आता नको. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे लष्करी अधिकारी एकत्र बसले होते, ब्रिटिश म्हणाले हा कागद तातडीचा आहे, टेबल करू, अमेरिकन म्हणाले अजिबात टेबल करायचा नाही, तो महत्त्वाचा आहे. बराच वेळ कडाक्याचं भांडण झालं आणि मग कळलं की दोघांना एकच पाहिजे होतं. हे चर्चिलनं स्वतः लिहून ठेवलंय. इथं शब्द एकच, टेबल पण एकच, फक्त समुद्र ओलांडल्यावर टेबलावर ठेवण्याचा हेतू बदलला. आपल्याकडं दोन्ही पद्धती चालतात. आमच्या बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा कागद ब्रिटिश पद्धतीनं टेबल होतात, आणि एरवी ऑफिसात चौकशीला गेलं आणि शिपाई म्हणाला ‘फाईल साहेबांच्या टेबलावर आहे’ की ओळखायचं, अमेरिकन पद्धत.

‘फास्ट’ तर शहापूर-वडगावच्या साडीवाल्यांना विचारा. फास्ट कलर म्हणजे न हलणारा, धुतला तरी जागा न सोडणारा रंग. आणि फास्ट गाडी म्हणजे जागेवर न थांबणारी. जुना अर्थ घट्ट, पक्का एवढाच. घट्ट धरणं, मग जोर लावून धरणं, मग जोर लावून पळणं, अशी ती गाडी सुटली. उपवासाला फास्ट म्हणतात तो पण त्याच घरचा, नेम घट्ट धरायचा म्हणून. ‘बोल्ट’ म्हणजे आधी बाण, बाणासारखी दिसणारी सळी दाराला लावली तर दार बंद, आणि बाणासारखा घोडा सुटला तर तो पण बोल्ट. ‘लेफ्ट’ मध्ये गेलेला पण लेफ्ट आणि राहिलेला पण लेफ्ट, कारण एक जण निघाला की मागं काहीतरी राहतंच.

हायवेवर टँकरच्या मागं ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं ते पण यातच धरा. पोरांना शाळेत इन लावलं की उलटा अर्थ असं शिकवलेलं असतं, इनकरेक्ट, इनकम्प्लीट, त्या हिशोबानं हा टँकर पेट न घेणारा झाला आणि मागं बिडी ओढायला हरकत नाही! इथला इन नकाराचा नाही, आत या अर्थाचा आहे, पेटवणं या लॅटिन क्रियापदाला लागलेला. हा घोळ जिवावर बेतेल म्हणून अमेरिकेतल्या आग-सुरक्षावाल्यांनी नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहा असा आग्रह धरला.

आता मोठमोठी माणसं पण यात घसरलीत. १८८४ साली कार्ल आबेल नावाच्या जर्मन पंडितानं लिहिलं की जुन्या इजिप्शियन लोकांच्या भाषेत असे उलट्या अर्थाचे शब्द फार, कारण आदिमानवाला विरुद्ध गोष्टी वेगळ्या करून विचारच करता येत नव्हता. मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडला ते इतकं आवडलं की १९१० साली त्यानं त्यावर लेख लिहिला, स्वप्नात पण असंच होतं म्हणून. पुढं १९५६ साली बेनव्हेनिस्त या भाषापंडितानं हे सगळं खोडून काढलं. हे शब्द म्हणजे डोक्यातला गोंधळ नव्हे, वापरातनं घडलेली गोष्ट आहे. अरबी पंडित त्यामानानं शहाणे, त्यांनी हजार वर्षांमागंच अशा शब्दांना ‘अद्दाद’ असं नाव देऊन त्यांच्या याद्या केल्या, त्यात ‘जौन’ हा शब्द काळ्याला पण आणि पांढऱ्याला पण. कुणी अरबी भाषेला वेडी म्हटल्याचं ऐकलं नाही.

आणि आता आपल्या घरात येऊ. ‘परवा’ म्हणजे कधी? होऊन गेलेला की येणारा? मराठी माणूस म्हणेल क्रियापदावरनं कळतं, परवा आलो, परवा येतो. बरोबर, पण माझ्याकडं पक्षकार चिठ्ठी ठेवून जातात त्यावर ‘परवा, सबरजिस्ट्रार ऑफिस’ एवढंच असतं, आता हे जाऊन आले की जाणार आहेत? कन्नडात ही भानगड नाही, होऊन गेलेला मोन्ने आणि येणारा नाडिद्दु. त्यामुळं आमच्याकडं बरेच जण मराठी बोलताना मधेच ‘नाडिद्दु’ घालतात, ऐकणाऱ्याला शंका राहत नाही. पुण्याच्या पाहुण्यांना ते विचित्र वाटतं, वाटू दे.

पाहुणा उठला की म्हणतो ‘येतो हं’, आणि जातो. इंग्रज साहेब बसून राहिला असता दारात, हा येतो म्हणाला कुठं येतोय बघत. कन्नडात पण ‘होगि बर्तीनि’, म्हणजे निदान जाऊन येतो असं स्पष्ट तरी करतात. नारळ वाढवायचा म्हणजे फोडायचा, बांगडी वाढली म्हणजे फुटली, फुटणं हा शब्द शुभ कामात तोंडातनं काढायचा नाही म्हणून. बरं तोच नारळ शालीबरोबर हातात दिला तर सत्कार, आणि नुसताच ‘नारळ दिला’ म्हटलं तर माणूस नोकरीवरनं गेला.

आपल्याच पेपरात मथळा असतो, अमक्याचा निर्घृण खून. घृणा म्हणजे आपण तिटकारा समजतो. मग निर्घृण म्हणजे तिटकारा नसलेला, प्रेमानं केलेला खून झाला का? तर संस्कृतात घृणा म्हणजे तिटकारा पण आणि दया पण. दया नसलेला तो निर्घृण. जुना अर्थ त्या एका शब्दात अडकून राहिलाय, पासपोर्टात लेट राहिलाय तसा. ‘अपरोक्ष’ तर रोज माझ्या अर्जात येतो, ‘माझ्या अपरोक्ष भावानं जमीन विकली’. परोक्ष म्हणजे डोळ्याआड, अपरोक्ष म्हणजे डोळ्यासमोर, वेदान्तातला अपरोक्ष अनुभव म्हणजे प्रत्यक्ष अनुभव. म्हणजे पक्षकार लिहून देतोय की भावानं माझ्या डोळ्यांदेखत जमीन विकली! पण मी ते दुरुस्त करत नाही, कारण वकील, कारकून, जज सगळे मराठीतला अर्थच घेतात आणि शब्द वापरणाऱ्याचा असतो. जिथं कागद वादात जाईल असं वाटतं तिथं तेवढं ‘माझ्या गैरहजेरीत’ असं करून देतो. आणि हे काय आजचं नाही, अमरकोशातच आहे, ‘आराद्दूरसमीपयोः’, आरात् हा शब्द दूर या अर्थी पण आणि जवळ या अर्थी पण.

तर संपादक साहेब, माझी मागणी एवढीच आहे. पुरवणीत अशा शब्दांची यादी पुन्हा दिलीत तर द्याच, पोरं आवडीनं वाचतात, पण प्रत्येक शब्दापुढं तो कुठनं आला याची एक ओळ द्या आणि चार मराठी, चार कन्नड शब्द पण घाला, सीमाभागातल्या पोरांना तिन्ही भाषा कानावर असतात, त्यांना हे पुण्या-मुंबईच्या पोरांपेक्षा लवकर कळेल. दुसरं, एजन्सीची इंग्रजी बातमी मराठी करणाऱ्या आपल्या डेस्कवरच्या मंडळींसाठी आमच्या धंद्यातली एक खूण सांगतो. सँक्शन हे क्रियापद म्हणून आलं की मागचंपुढचं वाचून ठरवा, मंजुरी पण असते आणि निर्बंध पण असतात, पण ‘सँक्शन्स’ असं अनेकवचन आलं आणि पुढं ‘ऑन’ असलं की डोळे झाकून निर्बंध लिहा. आणि ‘टेबल्ड’ दिसलं तर आधी बातमी लंडनची आहे की वॉशिंग्टनची ते बघा.

आपला,
एक बाँड रायटर, बेळगाव